हरणीला एकच पट्टा चालू

माझं गणित दिवाळीच्या दोन महिने आधी सुरू होतं.
हरणीहून घर अकरा मिनिटं,
रिक्षावाला म्हणेल तेवढे पैसे, त्यातले वीस मी कमी करणार.
अहमदाबादहून म्हणजे आधी बाहेर पडायलाच पाऊण तास,
मग टॅक्सी, एक्स्प्रेस वे, आणंदपाशी चहा,
आणि पहाटे चारला अमितनगर सर्कलवर
दोन बॅगा नि एका कुत्र्याच्या सोबतीनं उभा असलेला
माझा भाऊ.

पण मस्कतचं विमान तिथं सरळ उतरतं.
आमच्या हरणीला यायचं तर आधी दिल्लीची प्रदक्षिणा,
म्हणजे घराच्या डोक्यावरून पुढं जायचं
आणि पाच तास खुर्चीत अवघडून मग मागं वळायचं.

मधूला मी सगळं वहीत मांडून फोटो पाठवला.
तिकडे: सरकते जिने, रात्रभर उघडं औषधांचं दुकान,
पाय चेपणाऱ्या खुर्च्या, सोन्याच्या भावाचं खमण.
इकडे: चहाचा एक ठेला, साडेनऊला बंद.
दोन प्लग, त्यातला एक ढिला.
आणि काचेपलीकडून कुणी हात हलवला
तर कुणासाठी, ते कळावं इतकी कमी माणसं.
ही शेवटची ओळ त्यानं वाचली असावी.
हरणीचं तिकीट काढलं.

विमान आलं. मधू आला. बॅग दिल्लीला राहिली.
त्या रात्री एकच पट्टा चालू होता,
त्यावर कुणाची तरी छत्री सात वेळा फिरली,
मग बटण दाबलं गेलं आणि तीही थांबली.
बॅगेत खजूर, बदाम. त्यांचं काही नाही.
पण मागच्या खेपेला दुरुस्तीला नेलेलं
आईचं कानाचं यंत्रही त्यातच.
"हातातल्या पिशवीत नाही ठेवायचं?"
थोरल्या बहिणीला एवढं विचारावंच लागतं.
काउंटरवरच्या कौशल वाघेलानं फॉर्म भरून घेतला.
कारेलीबाग, पाण्याच्या टाकीजवळ, मी म्हटलं.
त्यानं पेन थांबवलं:
"टाकीच्या अलीकडे की पलीकडे?"

तीन दिवस मधू ओरडून बोलला.
बढतीबद्दल, बायकोच्या गुडघ्याबद्दल,
लेकीनं मराठी सोडल्याबद्दल.
आई प्रत्येक गोष्टीला म्हणाली, "जेवलास ना?"
स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरलं
की मात्र वर बोट करायची: "आलं बघ."
विमान तिला दिसत नसे, ऐकू येत नसे,
पेल्यात येत असे.

चौथ्या दिवशी तो गेला. अहमदाबादहून, सरळ.
मी सोडायला गेले नाही,
तिथं आत शिरायचं दारच मला कधी सापडत नाही.

त्याच रात्री साडेदहाला खाली स्कूटर.
बॅग पायांत धरलेली, हँडल वाकडं, कौशल.
गाडी सकाळी आधी आणंदकडे जाते, म्हणाला,
माझं घर छाणीला, इथूनच तर जातो.
इथून कुणी छाणीला जात नाही.

मी यंत्र आईच्या कानात बसवलं.
बारीक शीळ वाजली, मग थांबली,
आणि नेमका तेव्हाच तो कागद पुढं करत म्हणाला,
"बा, अहीं सही करो."
आईनं मान वळवली.
वर्षभरात कानाशी पोचलेला पहिला आवाज.
"किती हळू बोलतो गं हा," ती म्हणाली,
"बसव त्याला. जेवलाय का विचार."

काल मधूचा फोन आला. पुढच्या खेपेला अहमदाबाद,
डोळे मिटून.
बरोबरच आहे त्याचं. वहीत मी तसं लिहिलंसुद्धा.
फक्त इकडच्या बाजूला, ढिल्या प्लगच्या खाली,
जागा होती थोडी, म्हणून एक ओळ घातली:
टाकीच्या अलीकडे की पलीकडे, विचारतात.