टोक्मा

चढावर हर्कध्वज राई थांबतो.
मागे टोक्म्याच्या आडव्या माथ्यावर
डोकोचं बूड टेकवतो,
शीळ घालून श्वास सोडतो.
डोकोत बिअरचे खोके, वर कुणाचा तरी हीटर.

जुनमाया धरानहून सुट्टीला आलेली,
नर्सिंगचं दुसरं वर्ष. राहवत नाही तिला.
"बा, आत्ता तुझ्या मांड्या जवळजवळ रिकाम्या आहेत.
ताठ झालास की खुब्यापुढचा पट्टा
पिळल्या दोरासारखा आवळतो,
तुला मागे कलू देत नाही.
गुडघा सरळ होताहोता चिमूटभर वळतो
आणि आतून कडी लागते.
त्याच्या पोटात दोन बंध आहेत,
एकमेकांवर फुली मारलेले."

"मजुरी काय त्यांना?"

"काही नाही. भात सगळा स्नायू खातात.
रक्तसुद्धा बेताचंच पोचतं तिथे."

तो उजव्या घोट्याकडे बघतो.
"मग हा उतारावरच का दगा देतो?"

"तिथलं हाड पुढे रुंद, मागे निमुळतं.
चढताना पाचरीसारखं खाचेत बसतं.
उतरताना निमुळती बाजू खाचेत येते,
हलायला जागा होते.
त्यात तुझा बाहेरचा बंध
एकदा ताणला तो ताणलाच."

पाच पावसाळे झाले त्याला.
त्या दिवशी भांडी होती डोकोत. एकही फुटलं नव्हतं.

नाम्लो कपाळावर. गुडघ्याची कडी
आवाज न करता निघते.
उतार लागतो.
टोक्मा तो उजव्या हातात घेतो.

"डाव्या हातात धर," ती मागून म्हणते,
"पुस्तकात तसंच आहे."

तो ऐकत नाही.