धावदोरा

चेंबूर नाक्याचा तो पेव्हर ब्लॉक हलतो,
हे मला ठाऊक होतं. रोज चुकवत होते.
त्या दिवशी हातात कोथिंबीर होती
आणि डोक्यात भलतंच काही.

आता घोट्यात पट्टी, सहा स्क्रू,
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते,
तिच्यावर दुपारी चारला एक कावळा येतो.
एके दिवशी तो आला नाही
आणि मला रडू फुटलं,
तेव्हा झरीनला फोन केला.

झरीन मुकादम.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं शेजारची खुर्ची.
आली ती गोणी घेऊनच:
तळमजल्याच्या मास्टरकडची कातरण,
लेकीचा शाळेचा गणवेश,
एक हिरवी बांधणी, जिच्याबद्दल तिने काही सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
"पाय बसलाय ना? हात कुठे बसलेत?"

गोधडी मला येत नव्हती. तिलाही बेताचीच.
खाली जुनं लुगडं, मध्ये दोन विटक्या चादरी, वर तुकडे.
जमिनीवर बसणं जमेना,
म्हणून जेवणाचं टेबल गेलं गोधडीला
आणि पोहे आले मांडीवर.
"टाका कुठला घालू?"
"साधा. धावदोरा."
म्हणाली, आणि दोघींनी एकदमच
माझ्या पायाकडे बघितलं.
इतकं हसलो की खालच्या साठ्यांनी
छताला काठी ठोकली.

झरीन चोपन्नाव्या वर्षी गाडी शिकली.
वॅगनआर. डावा आरसा चिकटपट्टीवर.
मला खाली उतरवायला एक खुर्ची,
वॉचमन आणि मास्टरचे दोन कारागीर.
जिन्यात शेजारणी उभ्या,
अक्षता तेवढ्या राहिल्या.

मागच्या सीटवर मी आडवी,
पाय उशीवर, गोधडी पोटावर, सुई हातात.
पहिल्यांदा नुसता वाशीचा पूल, आणि परत.
मग पनवेल, एकेक ऊस रस.
मग कर्नाळ्याची खिंड, आणि पुढे, पुढे.
खड्डा आला की टाका तिरका जायचा.
आधी उसवत होते, मग सोडून दिलं.
हा बघा, गणवेशाच्या निळ्यावरून
एकदम बाहेर पळालेला, हा पेणच्या अलीकडचा.
हे रक्ताचं टिंब, ट्रकवाल्याने ब्रेक मारला तेव्हाचं.

पळस्पे फाट्याला ती अचानक म्हणाली,
"तुला बढती मिळाली ना,
तेव्हा मी आठ महिने तुझ्याशी बोलत नव्हते."
"मला वाटलं, तुझा घसा बसलाय."
"आठ महिने?"
खरं तर मला तेव्हाच कळलं होतं.
मी सुईत दोरा ओवत राहिले,
गाडी हलत होती, भोक सापडत नव्हतं.
तिने गाडी कडेला घेतली,
दोरा ओवून होईपर्यंत थांबली,
मग निघाली.

एप्रिलमध्ये वडखळ.
रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा.
झरीन भाव करायला उतरली,
आणि ती बाई तिला ऐकेना,
आणि झरीन त्या बाईला ऐकेना,
मग ओरडली, "अगो, तू सांग हिला, गेल्या वर्षी कितीला घेतली होती!"
मी गेले. सांगितलं. भांडले.
वीस रुपये कमी करून घेतले,
माळ खांद्यावर टाकली
आणि वळून बघते तर
माझी काठी मागच्या सीटवर
गोधडी पांघरून निजलेली.

गाडीपर्यंत आठ पावलं असतील.
तिथे उभ्या उभ्या मला पाय आठवला
आणि तो लगेच दुखायला लागला.
झरीनने हात पुढे केला नाही.
दार उघडून धरलं,
आणि त्या बाईला म्हणाली,
"आणखी एक माळ दे, सावकाश बांध."

घरभर अजून कांद्याचा वास आहे.
गोधडीलाही.