रव्याहून बारीक

मेळा स्टँडच्या मागे लॉज, खोली एकशे सात.
पहाटे साडेपाचला कॉटवर मांडी घालून
मुठीएवढी दळणी मी गुडघ्यांत धरते.
अठरा ग्रॅम बिया, सोनाराच्या काट्यावर मोजून.
बाहेर डिसेंबर. खिडकीच्या फटीतून
निफाडकडची थंडी थेट बोटांच्या पेरांवर.

घरी आकडा ठरलेला: चाकावरचे दहा खटके.
कोल्हापूरच्या पाण्याला, तिथल्या दमट हवेला
दहावर बसायची कॉफी.
पंचवीस सेकंद, उंदराच्या शेपटीसारखी धार,
वर तांबूस साय.
इथे त्याच दहावर
अकरा सेकंदांत पळाली.
आंबट. साय नावालाही नाही.

मग सातवर आणलं. दाबून दाबून मनगट दुखलं
आणि तीन थेंब आले, जळक्या रबराचे.
आज अकराला कोर्ट.
एक सही, बाकी काही नाही.
वकील म्हणाले होते, आता दळण दळत बसायचं नाही.

दारावर टकटक.
"काय दळू लागल्या ताई, एवढ्या रामपारी?"
एकशे आठच्या गयाबाई भुतेकर,
डोक्याला मफलर, हातात रिकामा तांब्या.
नवऱ्याला घेऊन त्र्यंबकला चालल्यात, कसल्याशा विधीला.
भोकरदनला त्यांचं मिरची कांडप.
आत या म्हणायच्या आधीच आत.
भुकटी चिमटीत घेतली, अंगठ्यानं चोळली,
बल्बसमोर धरली.
"हे दोन जातीचं झालं. रवा बी आहे, पीठ बी आहे.
पाणी रव्यातून पळतं अन् पिठात अडतं.
वैरण एकदम लोटली तुम्ही."

तीन वर्षं मी या बियांवर वाचत आले,
ऐकत आले. असं
कुणी सांगितलं नव्हतं.

खटका आठवर. दळणी त्यांनी घेतली, जरा कलती धरली,
आणि मी चार-चार बिया सोडत गेले.
त्यांच्या फिरवण्याला घाई नाही, थांबा नाही,
बोलणं न तोडता कुणी सुपारी कातरावी तसं.
मध्येच विचारलं,
"दवाखाना का कोर्ट?"
"कोर्ट."
"जमिनीचं?"
"नवऱ्याचं."
"हं," म्हणाल्या. दांडी फिरतच होती.

दाबलं. मनात मोजत राहिले. सव्वीस. सत्तावीस.
लॉजच्या स्टीलच्या पेल्यात, अगदी तळाशी,
तीन घोट.
गयाबाईंनी वाकून पाहिलं.
"एवढ्या दळणाचं एवढंच?"
म्हटलं, एवढंच असतं.
एक घोट त्यांनी घेतला, तोंड कारलं खाल्ल्यासारखं,
"औषध चांगलंय," म्हणत पेला परत केला.
उरलेले दोन मी उभ्यानं प्यायले, खिडकीपाशी.
खाली पहिली सिन्नर गाडी मागे सरत होती,
कंडक्टर पत्र्यावर थाप मारत होता.

कोर्टात सात मिनिटं लागली.
निनाद जिन्यात थांबलेला.
"ते मोठं मशीन पडून आहे गंगापूर रोडला. पाठवू?"
तो चहावाला, पहिल्यापासून.
माझ्या अंगठ्याच्या रेषांत अजून सकाळची भुकटी होती.
नको म्हटलं.
चार पायऱ्या उतरून परत वळले:
कुणाला देशील तर आधी साफ कर.
दातांत जुनी भुकटी राहते, कितीही झटकली तरी.
पुढच्या माणसाच्या पहिल्या कपात येते.
तो हसला, की ऊन डोळ्यांवर आलं त्याच्या,
कळलं नाही.

संध्याकाळी एकशे आठला कुलूप.
माझ्या कडीला पिशवी: पावशेर मिरचीपूड,
वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत,
तरी वास जिन्यापर्यंत.
लॉजच्या पावतीमागे पेन्सिलनं, मोठ्या अक्षरात,
ह्या दळणीत घालू नका.

त्याच पावतीवर, खाली, मी लिहून ठेवलं:
नाशिक, डिसेंबर. आठ खटके.
वैरण थोडी थोडी.