मागाचा खड्डा

गोळीबार चौकाच्या मागल्या गल्लीत
निमजेकाकांनी माग विकला त्या उन्हाळ्यात.
खड्डा काही विकता आला नाही.
मग त्याच्या पलीकडच्या काठावर टीव्ही मांडला,
कूलरच्या तोंडाशी अडॅप्टर टांगला, तापू नये म्हणून,
आणि दारावर खडूनं लिहिलं:
व्हिडिओ गेम. पाव तास एक रुपया. रडायचं नाही.

आम्ही खड्ड्यात पाय सोडून बसायचो.
वर सेहेचाळीस डिग्री,
खाली पोटऱ्यांना ओल्या मातीचा गारवा
आणि पायाच्या बोटांत अडकणारे
कुठल्याशा लुगड्याचे उरलेले धागे.

कॅसेटवर छापलेलं: नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ.
खेमराज परातेनं वहीत नोंद करून मोजले.
अकरा.
बाकी सगळे तेच, नुसतं आभाळ बदललेलं,
निळ्याचं जांभळं.
दुसऱ्या रिमोटचं गोळीचं बटण बसलेलं,
म्हणून जो दुसरा येई
त्यानं नुसत्या उड्या मारत जगायचं.
मी बहुतेक दुसराच असे.

आठव्या पातळीला खेमराज एकदाच पोचला
आणि लाइन गेली.
पडदा आधी टिकलीएवढा झाला, मग काहीच नाही.
अंधारात काका म्हणाले,
"काहून तोंड पाडून रायला बे?
तीन जीव भेटतेत न पुन्हा."

आता बेसा रोडला, चौथ्या मजल्यावर
नभाचं यंत्र पांढरं आणि उभं,
देव्हाऱ्यापेक्षा जास्त पुसलेलं.
नवा खेळ घेतला तरी खेळता येत नाही लगेच.
नव्वद जीबी उतरतायत.
तर्री-पोहे झाले, दुपारची जेवणं झाली,
एकोणचाळीस टक्के.
आम्ही कॅसेटीत फुंकर मारायचो, ती चार्जर शोधते.
वाट पाहणं तेवढं तसंच राहिलं.

संध्याकाळी उतरला एकदाचा.
ती घोड्यावरून निघाली,
कानात चंद्रपूरची एक मैत्रीण
आणि एक कुठली, ते तिलाही ठाऊक नाही.
तिघी हसतात, मला एकीचंच ऐकू येतं.
मेली तरी चार पावलं मागून उठते पुन्हा,
सगळं जपून ठेवलेलं असतं कुठंतरी.

जुनं ते सोनं, असं म्हणणार होतो मी.
पण खरं सांगतो, पितळही नव्हतं ते.
शत्रू म्हणजे तपकिरी डाग,
झाड म्हणजे हिरवा चौकोन,
आणि अंगठ्याला फोड.
हिच्या झाडाचं पानन् पान हलतं.
त्याच्या सावलीत घोडा उभा करून
ती नुसती बसून राहिली, सूर्य बुडेपर्यंत,
कोणालाही न मारता.
मीही बसलो.

"बाबा, तुमच्या गेममध्ये शेवटी काय होत होतं?"
"माहीत नाही."
"म्हणजे?"
"कोणालाच माहीत नाही."

हे मात्र तिला सांगितलं नाही:
एकदा चप्पल विसरली म्हणून
रात्री परत गेलो होतो दुकानात.
काका एकटेच बसले होते काठावर,
हातात तोच, बटण बसलेला रिमोट.
पडद्यावरचा माणूस पहिल्याच खड्ड्यात
पडत होता पुन्हा पुन्हा,
आणि खाली, अंधारात,
काकांचे पाय चालले होते,
डावा, उजवा, डावा,
नसलेल्या पावड्या दाबत.
चप्पल न घेताच आलो घरी.

"घ्या, तुम्ही चालवा थोडा वेळ,"
नभानं रिमोट दिला.
घोडा उधळला
आणि माझ्या तळहातांत थरथर सुरू झाली,
शेजारच्या पावरलूमनं
ती भिंत थरथरायची, अगदी तशी.
दचकलो. पण सोडला नाही.

"बाबा,
पाय काहून हलवून राहिले तुम्ही?"