अकरा पावलं

नान्नांच्या चालण्याची मी वही केली आहे,
दुधाच्या हिशोबाची असते तशी, निळ्या पुठ्ठ्याची.
तारीख, वेळ, अंतर, नाडी.
कॉलेजात सांगितलं होतं, कुणा एकाची चाल निवडा,
महिनाभर बघा.
मला घरातच मिळाली.

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात, बत्तीस वर्षं
मागांच्या मधली एक गल्ली.
जायला अकरा पावलं, यायला अकरा.
कांडी संपली, वळा.
तार तुटली, वळा.
एका पाळीत किती चालत होता, मी विचारलं.
म्हणाले, "कुठं चाललो? तिथंच तर होतो."

पुस्तकात लिहिलंय, चालणं म्हणजे पडणं,
फक्त दुसरा पाय वेळेवर पोचतो.
टेकलेल्या पायावरून देह चढतो कमानीसारखा,
माथ्यावर थोडा वेग गहाण पडतो,
उतरताना सुटतो.
उंची वेगाला देते, वेग उंचीला,
घरातल्या घरात उसनवारी,
म्हणून फुकटात चाललंय असं वाटतं.
पण टाच टेकते तेव्हा दर खेपेला
थोडं काही जमिनीत जातं
आणि परत येत नाही.
ते भाकरीतून भरायचं.

मी मांडून दाखवलं: एका भाकरीत साधारण अडीच किलोमीटर.
अम्मानं विड्यांच्या सुपातून मान वर केली.
"कडक भाकरी का मऊ?"
ती थट्टा करत नव्हती.

हा सगळा हिशोब सरळ रस्त्याचा.
वळायचं तर आधी जमवलेला वेग मोडावा लागतो,
आतला पाय खुंटीसारखा रोवायचा,
बाहेरच्यानं सगळं अंग फिरवून आणायचं.
अकरातली तीन पावलं थांबण्यात,
तीन पुन्हा सुरू होण्यात.
मध्ये उरली पाच.
नान्नांचा लंबक कधी नीट झुललाच नाही.

आता रोज सकाळी सहाला कंबर तलाव.
एप्रिल आहे, सातनंतर ऊन उभं राहू देत नाही.
वाट सरळ, मोकळी, कुठे तार नाही.
दहा पावलं बरी पडतात.
अकराव्याला उजवा खांदा आत येतो,
मान डावीकडे, पाण्याकडे,
काहीतरी तुटलंय का बघतात.
नुसतं पाणी असतं. दोन बदकं.
मग ओशाळून पुढे.
पुन्हा एक, दोन.

प्रत्येकाला एक स्वस्त पडणारा वेग असतो,
त्याहून भरभर चाललं तर महाग,
रेंगाळलं तरी महागच.
त्यांच्या शेजारून चालताना
माझं पाऊल हवेत अर्धवट अडतं,
दर किलोमीटरला माझा खर्च वाढतो.
वहीत त्याला रकाना नाही.
मी आखलाही नाही.

काल ते जॉबर व्यंकटी मडूरची गोष्ट सांगत होते,
तो उभ्या उभ्या झोपायचा, आणि माग बंद पडला
की त्या शांततेनं दचकून जागा व्हायचा.
सांगता सांगता बारा झाली. चौदा.
मी श्वाससुद्धा हळू घेतला.
सतरा.
"मोजतीस का गं?"
"नाही नान्ना."
ते थांबले. चपलेतला खडा काढला,
खडा नव्हताच.
अठरावं कुठल्या पायानं टाकायचं
ते दोघांनाही आठवेना.