दुसरी बाटली

बातमी आली तेव्हा मी कारेलीबागच्या लॅबमध्ये
सकाळच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होते.
उपाशीपोटी, जेवणानंतर, उपाशीपोटी.
शितोळ्यांचा फोन : कोस्तान गेला.
मला वाटलं, उतारावर पडला.
म्हटलं, हेल्मेट होतं ना?
अगं, मेला नाही, ते म्हणाले,
चार वर्षांची बंदी. दोन्ही नमुन्यांत सापडलं.
मग थोडं थांबून : मेला असता तर...
आणि वाक्य तसंच टाकून फोन ठेवला.

आम्ही त्याला कोष्टीबुवा म्हणायचो.
त्याचा देश नकाशावर
आमच्यापैकी कुणाला पटकन दाखवता आला नसता,
पण त्याचा डावा गुडघा
घरच्या दुखण्यासारखा माहीत.
रात्री दांडिया बाजारात शितोळ्यांच्या दुकानात
शटर अर्धं ओढून
एका मोबाइलभोवती सात डोकी,
ग्रीसचा वास, पार्सलची सेवउसळ,
आणि परक्या भाषेतला तो निवेदक,
ज्याचा नुसता आवाज चढला की कळायचं :
निघाला! बुवा निघाला!

रविवारी साडेपाचला कीर्तिस्तंभापाशी
सगळे आले. कधी नव्हे ते सगळे.
गुप्ते लालबुंद. चोर आहे, म्हणाले, चोर,
याच्यासाठी मी बायकोची बोलणी खाल्ली.
याच गुप्त्यांनी विम्याच्या तपासणीआधी
मला हळूच विचारलं होतं,
साखर जरा कमी लिहिता येईल का.
मी नाही म्हटलं. मग ते आठवडाभर भात सोडून आले.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
दर्शील अमीन म्हणाला, जवा दो ने, बधा ले छे.
छोटा निंबाळकर, सोळा वर्षांचा,
काहीच बोलला नाही.
चाकातली हवा दाबून बघत राहिला,
पुन्हा पुन्हा, त्याच चाकातली.

मला एवढंच विचारायचं होतं :
ती मे महिन्यातली रात्र,
धुक्यातून नव्वद किलोमीटर तो एकटा,
हनुवटीवर फेस,
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी
पावागडचा माचीपर्यंतचा चढ
आयुष्यात पहिल्यांदा पाय न टेकता चढले.
बेचाळीस वर्षांची, दोन सिझेरियनची मी.
शेवटच्या वळणावर माकडं बघत होती
आणि मी मोठ्याने म्हणत होते, चल बुवा, चल बुवा.
तो चढ आता कुणाच्या नावावर लिहायचा?
माझ्या रक्तात तर हिमोग्लोबिनसुद्धा कमी.
मीच तपासलंय. नऊ पूर्णांक चार.

नाही विचारलं.
आजवा रस्त्याला लागलो, वारा समोरून.
एरवी एकमेकांच्या पाठीमागे लपत जातो,
त्या दिवशी सातही जण
रस्ताभर पसरून, आपापला वारा खात.

शितोळ्यांनी दुकानातलं त्याचं चित्र काढलं.
फाडलं नाही. उलटं करून
कोऱ्या बाजूवर ब्रशने लिहिलं :
पंक्चर तीस रुपये. उधारी बंद.
आणि दाराच्या काचेला लावलं.
संध्याकाळी ऊन मागून आलं की
अजून दिसतो तो, अक्षरांमधून,
हँडलवर वाकलेला.

तिकडे म्हणे एकाच नमुन्याच्या दोन बाटल्या करतात.
एक उघडतात. दुसरी मोहोर लावून ठेवतात,
माणूस नाही म्हणाला तर असावी म्हणून.
आमच्याकडे एकच असते.
सोमवारी काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ
रुमालात गुंडाळलेली बाटली पुढे करत म्हणाले,
बाई, काल लग्नात जेवलो,
ते धराल ना हिशेबात?
मी त्यांचं नाव लिहिलं, वय लिहिलं,
आणि कशाला कोण जाणे,
एक रिकामी बाटली त्यांच्या हातात दिली.
म्हटलं, परवा या.