पिवळा ठिपका

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
डोळ्यात तेल घालून
कोऱ्या करकरीत नोटा तपासल्या.
केसाएवढी रेघ हलली
की ती नोट बाजूला.

आता गंगापूर रोडला धारणकर बाई
डोळ्यात थेंब घालतात.
बाहुली ताणत जाते,
खिडकीतलं ऊन टोचतं.

भिंतीवरच्या चित्रात त्या दाखवतात:
हे बुबुळ. हे भिंग, तुमचं बदललेलं, स्वच्छ आहे.
मागे पडदा, आणि पडद्यावर मधोमध
मोहरीएवढा पिवळा ठिपका.
"बारीक वाचायचं सगळं काम याचं, निकुंभ."

मोहरीएवढा.
फंड, पेन्शन, दोन्ही पोरींची लग्नं
एवढ्याशा जागेवर उभी होती तर.

मग हातात चौकड्यांचा कागद.
डावा डोळा झाका. मधल्या टिंबाकडे बघा.
रेघा सरळ दिसतात?

रामकुंडाच्या पाण्याखाली पायऱ्या दिसतात
तशा रेघा वाकलेल्या,
आणि टिंबाच्या जागी नुसतं धुकं.

"छपाई बिघडलीय," मी म्हणतो,
"हा बाजूला काढा."

बाई काही बोलत नाहीत.
माझा हात धरून
उजव्या डोळ्यावर नेऊन ठेवतात.

कागद तोच.
रेघा सरळ.

तरी मी तो उजेडाकडे धरतो,
जलचिन्ह शोधत.